एसी बंद

ऑगस्टात, शारजात, सनाइया नंबर दहाच्या गच्चीवर
बंद पडलेल्या युनिटचं झाकण काढलं
तर आत तीन पिल्लं.
डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले,
नाळेचा वाळका दोरा अजून पोटाला.
आई खाली पार्किंगमध्ये होती,
पाण्याच्या टँकरच्या चाकापाशी.
तिच्यावर कुणीतरी पुठ्ठा टाकला होता.

पाने-पकड काढून पिशवी रिकामी केली
आणि पिशवीत पिल्लं भरली.

अकरा वर्षं मी या मुलखात थंडी दुरुस्त करतोय.
मशिनला कान लावून सांगतो,
बेअरिंग गेलंय, गॅस उतरलाय,
या खोलीतला माणूस आज झोपणार नाही.
ऊब कशी करतात ते मात्र
कुणी शिकवलं नव्हतं.

खालच्या फार्मसीतला शाजी म्हणाला,
आधी ऊब, मग दूध.
गार पिल्लाच्या पोटात दूध नासतं.
उताणं धरू नको, माणसाचं पोर नाही ते.
आणि दर पाजणीनंतर ओल्या कापसाने खालून पूस,
त्यांना आपलं आपण मुतताही येत नाही,
आई जिभेने करते ते.
सुया काढून चार सिरिंज दिल्या त्याने.
दुधाच्या डब्याचे पैसे पुरते घेतले.

बाहेर शेहेचाळीस.
खोलीत सहा माणसं आणि एसी अठरावर.
बुटाच्या खोक्यात तिघं एकमेकांवर चढून
वरची जागा शोधत होते.
गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून ठेवली,
तासात ती गार.

मेसमधला मसाल्याचा काटा आणला.
सकाळी ब्याण्णव ग्रॅम, रात्री अठ्ठ्याऐंशी.
चार ग्रॅम म्हणजे चिमूट-दोन चिमूट जिरं.
ते पहाटे तीनला गेलं.
दुसरं कधी गेलं कळलंच नाही,
मी तिसऱ्याला पाजत होतो.

सबस्टेशनमागे वाळू खणली.
दुपारची वाळू, हात मागे घ्यावा लागला.
आता मिळाली ऊब, असं मनात आलं.
बोललो नाही.

त्या रात्री शेर जमान वरच्या बंकवरून उतरला.
स्वातचा माणूस, क्रेनवर असतो,
झोपेच्या बाबतीत बापाचं ऐकत नाही.
रिमोट घेतला, एसी बंद केला,
रिमोट उशीखाली ठेवून झोपला.
मोनीरने बनियन काढून बादलीत पिळलं.
आम्ही सहा जण चड्डीवर, घामाने चिप्प,
भरल्या वांग्यातल्या वांग्याएवढ्या
एका जिवासाठी.

मांजर पिल्लाला सात घरं फिरवते म्हणतात.
आमच्याकडे सहाच बंक.
ज्याची शिफ्ट नाही त्याच्या उशाशी खोकं,
खोक्यावर पेनने तास लिहिलेले,
उर्दूत, बंगालीत, माझ्या अक्षरात.

बायकोला व्हिडिओवर दाखवलं. हसली.
मग म्हणाली, सिरिंज तिरकी धर,
घाई केलीस तर नाकातून येईल.
तुला गं काय माहीत, म्हटलं.
ती जरा थांबली.
मुग्धा सातव्या महिन्यातली ना,
ओढायची ताकदच नव्हती तिच्यात.
बोंडल्याने पाजायचे, दोन-दोन तासांनी, थेंब थेंब.
तू फोन करायचास तेव्हा
बरी आहे म्हणायचे.

मी मुग्धाला पहिल्यांदा पाहिलं
तेव्हा ती चालत होती.
चालत आली आणि माझ्या बॅगेमागे लपली.

सिरिंज तिरकी धरली.

नवव्या दिवशी उजवा डोळा उघडला, दोऱ्याएवढा.
निळा. त्यात ट्यूबलाइट.
शेर जमानने नाव ठेवलं कंप्रेसर.
मला पटलं नव्हतं.

काल शिफ्टवरून आलो, अंघोळही केली नव्हती.
उचलून कानाशी धरलं तर आत काहीतरी सुरू होतं,
बारीक, एकसारखं, मध्ये न तुटणारं.
सवयीने ऐकत राहिलो बराच वेळ.
कुठेच काही बिघडलेलं नव्हतं.